आज खालून नाही

धरणगावच्या जिनिंगात मी काट्यावर बसतो.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी,
पावती फाडून देतो.
समोर पौषातला कापूस,
दोन मजली गंजी, सकाळच्या उन्हात
डोळ्यांना टोचेल इतकी पांढरी.

हिलाल नाना सातला येतात,
गेटच्या वहीत सही करतात
आणि खुर्चीवर न बसता आधी गंजीला फेरी मारतात.
कानटोपी, मिलिटरीचं जुनं जर्किन,
हातात नऊ फुटी सळई.
डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली.
कशी, ते विचारायचं नसतं.

सळई हळूच आत घालतात, डोळे मिटून.
इथं घट्ट. इथंही घट्ट.
मग एकदम हात कोपरापर्यंत आत जातो.
"हाई देख," मला म्हणतात,
"वरला थर दवना, बसेल.
खालला दाबायेल.
मझार हाऊ कोरडा, सुटा, साखरसारखा.
त्यानावर भरोसा नही."

तिकडे बर्फालाही साखरच म्हणायचे.
पहिला बर्फ पडतो, मग पंधरा दिवस निरभ्र थंडी,
तेवढ्यात तळाचा थर दाणेदार होऊन बसतो,
एकमेकांचा हात सोडलेला.
त्यावर नवा पडतो, वारा त्याला थापून पाटी करतो,
वरून बघावं तर लग्नातली गादी.
पाय ठेवला की पोटातून आवाज येतो,
हुंफ्.
म्हैस बसते ना, तसा.
तो ऐकून जो मागे फिरतो
तो पोरांची लग्नं बघतो.

हे त्यांनी एकदाच सांगितलं,
कळण्याची भाकरी मोडत.
एका फेब्रुवारीत अर्धा दिवस खणून
त्यांनी बर्फाची भिंत वाचली, थर मोजले,
वहीत लिहिलं: धोका मध्यम.
साहेब म्हणाले, जायचं की नाही ते सांग.
आकाश निळं होतं. वर चौकीत रॉकेल संपत आलेलं.
"मध्यम, साहेब."
सहा जण गेले.

ठेचा संपेपर्यंत नाना बोलले नाहीत.
मग म्हणाले, "मध्यम म्हंजे काय रे?
तू तर आकडास्ना माणूस. सांग."

आज सुपडाबाईची टोळी खालून ओढतेय.
खालून ओढलं की वरचा आपोआप येतो,
हात उंचावावे लागत नाहीत.
गंजीच्या पोटात कमान झालीय,
तिच्या सावलीत सुपडाबाईची नात
सरकीच्या पोत्यावर झोपलेली.

नानांनी पायाशी सळई रोवली, माथ्याकडे नजर लावली.
"अडतीस," म्हणाले.
जास्त चढ असता तर रोज थोडं थोडं गळालं असतं,
कमी असता तर बसून राहिलं असतं.
हा मधला वाईट.
"उठा. आज खालथीन नही."

प्रल्हादशेठ हसले,
"नाना, कापूस आहे हो.
गादीखाली कोणी मेलंय का?"

नानांनी उत्तर दिलं नाही.
वाकून पोरीला उचललं,
आठ बोटांत ती पुरती मावली.

शिडी आणली, दोर आणला, वरून काढायला लागले.
दीड तास गेला, दोन ट्रक उभे राहिले,
शिव्या मला पडल्या.
गंजी ढासळली नाही.
त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही.
तिसऱ्या दिवशी ती कमरेएवढी उरली
आणि तिच्यावर गेटवरचं कुत्रं झोपलं.
शेठनी हजेरीतून दीड तास कापला.
बायका आता नानांना बघून तोंड फिरवतात,
एकटी सुपडाबाई फिरवत नाही.

माझ्या वहीत आवक आहे, जावक आहे, घट आहे.
जे झालंच नाही
ते कुठे लिहायचं, मला कळेना.
संध्याकाळी शेऱ्याच्या रकान्यात
'मध्यम' लिहायला घेतलं, खोडलं.
लिहिलं: आज खालून नाही.

नानांनी चष्मा लावून वाचलं.
"तारीख टाक," म्हणाले.
गेटपर्यंत जाऊन परत आले.
"टाइमबी."