विकायला काय आणलंय?

उद्यमनगरात इलाही मिस्त्रीनं
मॅटाडोरच्या पोटात दोन बाकडी वेल्ड केली,
स्टोव्हला कडी, आरशाला खिळा.
'बावीस वर्सं माल वाहिला हिनं,' म्हणाला,
'आता तुमास्नी वाहू दे.'

कागल. गडहिंग्लज. नेसरी.
थांबलो की कुणीतरी पत्र्यावर थाप मारतं:
'विकायला काय आणलंय?'
भांडी? चादरी? डोळे तपासता का?

'काही नाही,' हे सांगतात, 'बघायला आलोय.'
माणसं आत डोकावतात,
आमची अंथरुणं, गोळ्यांचा डबा बघून
ओशाळतात.

चंदगडच्या अलीकडं एका म्हातारीनं
खिडकीतून ओले काजू दिले,
चिकानं बोटं काळी.
'बघायलाच आलाय न्हवं?
मग माझी म्हस बघा की.
कालच व्यालीया.'

ह्यांनी चावी काढून खिशात टाकली.