एकच पत्ता

म्हापशाच्या बाजारात केळ्यांची रांग संपते
तिथे एर्मेलिंदाबाईचं दुकान. मेणाचे हात, मेणाचे पाय,
कान, डोळे (जोडीनेच मिळतात), एक आख्खं बाळ,
आगपेटीएवढं कौलारू घर.
फेस्ताआधी महिनाभर खप.
मग वर्षभर साध्या मेणबत्त्या.

स्विंडनहून भाच्याने पैसे धाडले,
म्हणाला, मावशीला वेबसाइट करून द्या.
मावशीने मला बोलावलं, कारण माझ्या बापाचा गुडघा
तिच्याच दुकानातून गेला होता, नव्वद साली.

मी वही उघडली.
विभाग कसे पाडायचे, देहाप्रमाणे की दुखण्याप्रमाणे?
"गिऱ्हाईक दुखणं सांगत नाही रे.
नुसतं बोट दाखवतं. कधी मेणाकडे,
कधी स्वतःकडे."
मी लिहिलं: चित्रं मोठी, मजकूर कमी.

मूत्रपिंडाचा साचा नाही, त्याला पोट नेतात.
व्हिसासाठी कोणी घर नेतं, कोणी पाय.
आणि झोप येत नसेल तर?
बाई जरा वेळ गप्प राहिली.
"मग डोकं," म्हणाली, "आणि त्याचा भाव कमी लाव."

'आमच्याविषयी'साठी विचारलं, मेण येतं कुठून?
वाहिलेलं परत येतं, पोत्यांतून. पुन्हा वितळवायचं.
गेल्या वर्षीचा पाय यंदा काळीज होतो.
"पण हें बरय नाका."
मी ती ओळ खोडली. खोडूनही
स्वच्छ वाचता येत होती.

परतीच्या नियमांचा माझा नेहमीचा मसुदा वाचला:
सात दिवसांच्या आत, मूळ वेष्टनात.
ती इतकी हसली की शेजारचा चणेकार वाकून बघायला लागला.
नवस फळला नाही म्हणून कोणी हात परत आणल्याचं
काजेतानच्या बापाच्या काळापासून ऐकिवात नाही.

अडलं ते पार्सलपाशी.
मे महिन्यात कुरियरच्या गाडीत बोटं चिकटणार एकमेकांना,
विलायतेत पोचणार नुसता गोळा.
थर्माकोल, वजन, दर, असा तक्ता मी मांडत बसलो.
तिने माझ्या वहीवर हात ठेवला,
जुन्या चटक्यांनी ठिपकेदार झालेला.
"घरा कित्याक धाडटलो?
तो पाय थंय कितें करतलो?"

सगळ्या पार्सलांचा पत्ता एकच होता.
इथून चालत पंधरा मिनिटं, चढ धरून,
मिलाग्र सायबिणीच्या पायांशी.

नेणार कोण?
"हांव."
मी खाली पाहिलं. घोटे सुजलेले,
चपलेचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे ओढून
सुतळीने बांधलेला.
चाळीस वर्षं पाय विकले, स्वतःसाठी कधी वाहिला?
विचारलं नाही. दुकानदार आपलाच माल विकत घेत नाही,
एवढं मलाही कळतं.

मग पत्त्याचे रकाने काढून टाकले.
पिनकोड गेला, जिल्हा गेला, जवळची खूण गेली.
राहिला एक: कोणासाठी.
"सायबिणीला नाव ठाऊक असतं," ती म्हणाली.
"मला हवं. वाटेत म्हणायला."

रात्री सगळं नीट चालतं का बघायला
एक खोटी ऑर्डर टाकली.
नग: पाय, एक जोडी. रक्कम: एक रुपया.
कोणासाठी, तिथे बोटं थोडी थांबली.
मग लिहिलं,
एर्मेलिंदा.

सकाळी सातला फोन.
"कोण रे ती दुसरी एर्मेलिंदा?"
चाचणी होती बाई, आत्ता पुसतो.
"पुसूं नाका. पयसो आयला मरे."

शुक्रवार, बाजाराचा दिवस. दहाला गेलो
तर फळ्या लावलेल्या, कुलूप.
चणेकाराने काही न बोलता
चढाकडे हनुवटी केली.