खालचं घड्याळ

पट्टीचं एक टोक ग्विलिमच्या हातात, दुसरं माझ्या.
भिंत पायाशी तीन विटा जाड,
पाचव्या मजल्यावर दीड.
वर जाता जाता भिंतीलाही धाप लागते.
खिडक्या एका अंगाला तेवीस. वाऱ्यासाठी नव्हेत,
तुटलेला धागा दिसावा म्हणून.
रेशीम केसाहून बारीक, आणि मेणबत्ती महाग.

इमारतीचं पोट म्हणजे चाकाची खोली.
डोंगरातून ब्रॅडल नदी यायची, बंधाऱ्यापाशी अडायची,
दगडी पाटातून मुकाट आत शिरायची
आणि अठरा फुटी चाकाच्या छातीवर पडायची.
तिथून एक उभा दांडा पाचही मजले भेदून वर,
मजल्यामजल्यावर दातेरी चक्रं, चामड्याचे पट्टे:
एक नदी चार हजार चात्यांना वाटून दिलेली.

जिन्याच्या तोंडाशी, एकाच लाकडी पेटीत
दोन तबकड्या.
वरची लंबकाची. चर्चशी, जगाशी जुळणारी.
खालची चाकाला जोडलेली;
तिला नदीखेरीज कुणी ठाऊक नाही.
सकाळी सहाला दोन्ही जुळवायच्या,
आणि खालचीत सात वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही.
पाणी आटलं की चाक मंदावे, तबकडी रेंगाळे.
न पडलेला पाऊस
नऊ-नऊ वर्षांच्या मुलींनी भरून द्यायचा.

अठराशे सव्वीसचा उन्हाळा.
हिशेबवहीत रोज तीच ओळ:
नदी अशक्त. सुटका सव्वानऊ.
टॅबिथा वॉर्डलला बारावं लागलेलं.
ती उभ्या उभ्या झोपे, आणि हात तेवढे जागे राहत.
लुडलो मालकाचं घर नदीच्या वरच्या अंगाला;
तिथलं तळं मात्र काठोकाठ.
ट्राउट माशांसाठी.

ओबडाया चीथम, पाटाच्या दारांवरचा माणूस.
त्यानं कधी कुणासमोर तोंड उघडलं नाही.
तेवीस जूनच्या पहाटे
त्यानं तळ्याचं दार उघडलं.

चाक असं सुटलं की भिंतींतला चुना झडला.
चात्या किंचाळल्या. मुलीही धावल्या, धावणारच;
तो वेग त्यांच्याच पायांतून जात होता.
फुकट कुणी काही दिलं नव्हतं.
पण खालची तबकडीही धावत होती.

मुकादमानं मान वर केली तेव्हा
वर पावणेपाच, खाली सात.
तो नियमासमोर बराच वेळ उभा राहिला,
मालकासमोर राहावं तसा.
मग कडी काढली.

अंगणात ऊन.
मुली तिथेच घोळक्यानं थबकल्या.
उजेडी सुटका फक्त प्रेतयात्रेला मिळायची,
म्हणून एकीनं हळूच विचारलं,
कोण गेलं?
चाकाखाली ट्राउट तडफडत होते,
शेवाळलेल्या दगडांवर, ठिपक्याठिपक्यांचे.
टॅबिथानं दोन एप्रनमध्ये घेतले
आणि कुणाकडे न बघता चालू लागली.

कारकुनानं वहीत लिहिलं: नदी उत्तम.
त्याला खरंच कळलं नव्हतं,
की कळलं होतं, हे शाईवरून सांगता येत नाही.
दुसऱ्या दिवशीच्या पगारयादीत चीथम नाही.
पुढल्या महिन्यात नियमाला शेपूट फुटलं:
खालची पुढे गेल्यास वरची खरी मानावी.

वहीत एवढंच आहे. वही, यादी, नियम.
तळ्याचं दार, मासे, एप्रन
मी दोन ओळींमधल्या जागेत बसवलेत;
मोजणी करणाऱ्यानं असं करू नये.

आता इथे सदनिका होणार आहेत, बावीस.
दोन्ही तबकड्या पुसून दर्शनी भिंतीवर लावतील.
ग्विलिम शिडीनं चाकाच्या खोलीत उतरलाय.
एकोणीस फूट चार इंच, तो खालून ओरडतो,
आणि थोडं पाणी.
थोडं म्हणजे किती, मी विचारते.
नकाशात लिहावं लागतं.