झाकण लावून काढलेला फोटो

जुना कॅमेरा विकायला आला
की मी आधी त्याचं झाकण लावतो
आणि म्हणतो, हं, आता बघ.

तीस सेकंद. आयएसओ सहा हजार चारशे.
समोर काही नाही,
आणि काही नाही एवढंच त्याने सांगायचं असतं.
आजवर एकालाही जमलेलं नाही.
काळ्यावर रवा सांडावा तसा दाणा येतो,
कडेला जांभळट झाक,
आणि मधेच एखादा लाल ठिपका,
हट्टी, दर वेळी त्याच जागी.

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत
पोटमाळ्यावर ही खोली.
पूर्वी इथे एका स्टुडिओची डार्करूम होती.
स्टुडिओ गेला, मोरी राहिली,
भिंतींचा काळा रंग राहिला,
हवा दमट झाली की अजून हायपोचा वास सुटतो.
खालचे सोल्डरिंगवाले मला
अंधारवाला म्हणतात.

खरं तर मे महिन्यात टेस्ट घेऊच नये.
सेन्सर तापतो. सहा-सात अंश चढले
की झाकणाआडचा दाणा दुपटीला जातो.
उन्हातून आलेल्या पाहुण्याला बसवावं
तसा मी त्याला मधूनमधून पंख्याखाली ठेवतो,
घोटभर थांबतो, पुन्हा घेतो.

काल शेजवलकरांचा कॅमेरा होता.
बावीस वर्षं लग्नं काढली त्यांनी,
त्यातली शेवटची नऊ याच्यावर.
दीड लाख क्लिक, तरी बॉडी सुपारीसारखी टणक.

दुसरी टेस्ट झाकण काढून.
दार बोटभर किलकिलं, समोर मोरीखालचा कोपरा.
फोटो येतो काळाकुट्ट.
मग कॉम्प्युटरवर सावल्या वर ओढायच्या, चार स्टॉप,
विहिरीतून बादली ओढावी तशा,
आणि बघायचं
पाणी किती, गाळ किती.

गाळात अक्षरं होती.

मी असा फसत नाही. धंदाच आहे माझा.
तापात पडलेल्याला छताच्या ओलीत चेहरे दिसतात,
तसं दाण्यात हवं ते दिसतं.
म्हणून सोळा फोटो काढले, एकावर एक रचले.
सोळांचा दाणा आपसात भांडून
पाव हिश्श्यावर आला.
अक्षरं हलली नाहीत.

पण हलत नाही ते सगळं खरं असतं असंही नाही,
तो लाल ठिपका तरी कुठे हलतो?
ट्रायपॉड चार बोटं सरकवला.
ठिपका कॅमेऱ्याबरोबर आला.
अक्षरं भिंतीपाशीच थांबली.

पेन्सिलीने लिहिलेलं. काळ्या रंगावर शिसं,
तिरक्या उजेडात तेवढं चकाकणारं:
मे महिन्यात डेव्हलपर सहाच मिनिटं.
आणि त्याखाली, त्याच हातचं,
मालिनीचे प्रिंट भावाला देऊ नयेत.
ती स्वतः येईल.

ट्यूब लावली. भिंत नुसती काळी.
बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही.
सात वर्षं मी याच मोरीत हात धुतोय.

तारीख नाही. सही नाही.
पुढच्या पाळीच्या माणसासाठी लिहून ठेवलं असणार,
घाईत, वाकून,
मालकाला दिसू नये इतकं खाली.
भाऊ कितीदा आला, ती आली का,
हे कुठल्याच स्टॉपवर उजळत नाही.
आणि स्टुडिओ बंद झाल्यावर
पुढची पाळी म्हणून आलो तो
मीच.

संध्याकाळी शेजवलकर आले.
"सावलीत फार आवाज आहे का हो?"
नॉइजला ते आवाजच म्हणतात.
आहे, म्हटलं. तरी काम भागेल.
दोन हजार कमी धरले.
त्यांनी वाद घातला नाही, फक्त पट्टा काढून घेतला,
तो मुलीने दिलेला होता.

भिंत यंदा रंगवून घ्यायची होती,
डबा आणून ठेवलाय कोपऱ्यात.
राहू दे म्हटलं.
जिन्यावर पाऊल वाजलं की
हल्ली मी काम विचारण्याआधी
नाव विचारतो.