उत्तर न आलेल्यांची यादी

मार्च. अ‍ॅबरिस्टविथ. खिडकीच्या काचेवर
समुद्राचं मीठ, कुणी पुसत नाही.
माझ्यापुढे यादी आहे उत्तर न आलेल्यांची:
शेवटचं वर्ष, दोनशे बारा नावं,
फोन संध्याकाळी पाच ते आठ,
पगार तासावर, चहा ज्याचा त्याने.

"विद्यापीठातून बोलतेय. सात मिनिटं लागतील."
लागतात बारा.
इंग्रजी की वेल्श, हे आधी विचारायचं.
वेल्श म्हणाले तर फोन मॅरेडकडे,
आणि मग त्यांचं लांबतच जातं,
बाजारात माहेरचं माणूस भेटावं तसं.

एकशे चाळिसावं नाव टेगवेन प्रॉबर्ट.
उचलते. मागे तेल तडतडतंय.
"विचारा. पण मी कामावर आहे."

शिकवणारे नीट समजावून सांगत होते?
"हो. मीठ? व्हिनेगर?"
मी पाचावर खूण करते, मग चारावर आणते.
ते 'हो' मला होतं
की काउंटरपलीकडच्या कुणाला, कोण जाणे.

ग्रंथालय?
"उबदार. आमच्या घरात हीटर चालायचा नाही."
उबेला रकाना नाही. पाच.

आपण इथे कुणातले तरी आहोत, असं वाटलं?
छापील वाक्य जरा वेगळं आहे.
गल्ल्याचा खण आपटल्याचा आवाज.
"दुसऱ्या वर्षी तीन आठवडे मी गेलेच नाही.
खोलीबाहेरच पडले नाही.
तेव्हा कुणी विचारलं नाही.
आता विचारताय,
एक ते पाचात."
मग घाईने,
"बाकी सगळं छान होतं, असं लिहा."

कराडला माझी हजेरी सुलभा लावायची,
नाकात बोलून.
एकदा चौथ्या दिवशी शिपाई सायकलवरून घरी आला,
"पोरगी बरी आहे ना?"
बरी होते. सिनेमाला जात होते.
वडलांनी झोडपलं.
हे तिला सांगत नाही. सूचना क्रमांक सहा:
विचारणाऱ्याने स्वतःचं काही बोलू नये.

चौकट भरते. एक वाक्य बाहेर राहतंय.
मी 'बाकी सगळं छान' खोडते.

साडेआठला समुद्राकडे उतरते.
पिअरखाली आमच्या भोरड्यांची चुलत भावंडं
अजून झोपलेली नाहीत,
नुसता कलकलाट, एकमेकांची हजेरी लावल्यासारखा.
भूक लागलीय. कोपऱ्यावरच्या दुकानात रांग.
ओट्यामागून तोच आवाज:
"मीठ? व्हिनेगर?"

पोरी, मला तुझा हीटर माहीत आहे.
आणि गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे.

"दोन्ही," म्हणते.
ती क्षणभर थांबते,
बाटली हातात उलटी,
कागद खालून भिजेपर्यंत.