अंथरूण

यंदा पेंढा विकला नाही.
भिवंडीच्या तबेल्याचा टेम्पो
धसईच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवून
रिकामाच गेला.

मथुरा म्हणाली, जमिनीचं जमिनीला.
मी गप्प.
भाऱ्यांचे पैसे मनातल्या मनात मोजत
खाचरात काडी पसरत राहिलो,
पाहुण्याचं अंथरूण घालावं तशी.

श्रावणात भात पिवळं पडलं.
बाळारामचं हिरवंकंच, दोन गोणी युरियाचं.
बांधावरून हाक मारायचा,
'कावीळ झाली काय रे?'

माळ्यावर गेल्या सालची अर्धी गोणी होती.
रात्री हळूच शिडी लावली.
खाली मथुरा जागीच.
'घाल,' म्हणाली,
'पण पानात मीठ वाढतात
तेवढंच.'

दिवाळीनंतर झोडणी झाली.
दोन मण कमी भरलं.
बाळारामला सांगितलं नाही.
उरलेल्या गोणीचं तोंड सुतळीनं बांधलं,
परत वर टाकली.

काल सहज एक धसकट उपटलं.
मुळाशी काळी, मऊ झालेली काडी,
ओल्या मातीचा वास,
आणि एक गांडूळ,
अर्धं आत, अर्धं उन्हात.

मथुरेनं वर माती लोटली.
'उठवू नको,' म्हणाली.