झेल

तिसरीला आज झेल शिकवायचा आहे.
नोंदवहीत लिहिलंय :
हालचालींची कौशल्ये, क्रमांक सहा,
हवेतून येणारी वस्तू दोन्ही हातांनी पकडणे.
पुढे श्रेणीचा रकाना. कोरा.

शाळेचा चेंडू एकच होता,
तो मोहित्यांच्या विहिरीत गेला.
म्हणून काल रात्री बसून मोज्यांचे चेंडू शिवले,
आत चिंध्या, आणि वजन यावं म्हणून मूठभर चिंचोके.
नवरा म्हणाला, माझा निळा मोजा कुठाय?
म्हटलं, शाळेत गेला.

मैदान म्हणजे विट्याच्या पुढचा मुरमाड माळ,
एका अंगाला उतरता.
सुटलेला चेंडू थेट अंगणवाडीच्या खिचडीपाशी थांबतो.
पलीकडच्या पठारावर पवनचक्क्या.
एका पायावर तोल शिकवताना त्यांची मदत झाली होती :
ती बघा, रात्रंदिवस उभी आहे,
आणि तुम्हाला दहा मोजेपर्यंत जमत नाही?
मुस्कान मुलाणी म्हणाली,
बाई, पण तिला हात तीन आहेत.

तर, झेल.
हात पुढे. कोपरं सैल.
बोटं पसरा, जणू टोपली धरलीय.
चेंडू टेकला की हात जरासे पोटाकडे घ्यायचे,
त्याच्याशी भांडायचं नाही,
पाहुण्याची पिशवी घेतो तशी घ्यायची.
आणि डोळे मिटायचे नाहीत.

सगळे मिटतात.
अगदी शेवटच्या क्षणी, सगळेच.
पल्लवी तर मानच फिरवते,
यशोधन छातीवर घेतो
आणि मग पायाशी शोधत बसतो.

सिद्धनाथ डोळे मिटत नाही.
तो हात मागे घेतो.
चेंडू सुटला की एक पाऊल डावीकडे,
दोन्ही हात पाठीशी,
आणि चेंडू जवळून जाताना नीट बघतो.
चार वेळा टाकला. चारी वेळा तसंच.
पोरं हसली. मीही हसले असते,

पण मधल्या सुट्टीत त्यानं सांगितलं.
दिवाळीनंतर आलाय तो, सेलमहून.
नाव खरसुंडीच्या देवाचं, मराठी अजून अडखळतं.
बाप तिथं सोनं गाळतो, आजाही गाळायचा,
दुकानामागच्या खोलीतच भट्टी आणि अंथरूण.
मूस कलंडते, बाई. तेजाब उडतं.
काही अंगावर आलं तर
हात घालायचा नाय. सरकायचं.

म्हणजे याचा धडा झालेला होता,
आणि माझ्यापेक्षा चांगल्या मास्तरानं घेतलेला.
मी नोंदवहीत पाहिलं :
'वेळेत बाजूला होणे' याला क्रमांक नाही.

मग त्याच्यासमोर मांडी घालून बसले.
आधी चेंडू नुसता त्याच्या हातात ठेवला.
गार आहे ना? म्हटलं. दाबून बघ.
त्यानं दाबला, आत चिंचोके कुरकुरले.
मग जमिनीवरून घरंगळत दिला.
मग वितीवरून. मग हातभर.
दर वेळी तो मनाशी मोजत होता,
ओन्नु, रेंडु, मूनु,
आणि मूनुला हात उघडत होते,
सगळे नाहीत, जरासे.

मंगळवार गेला. बुधवारी पाऊल सरकलंच.
गुरुवारी चार हातांवरून टाकला,
आणि पोरं, न सांगता, त्याच्याबरोबर मोजायला लागली,
ओन्नु, रेंडु,
कुणी रेडू म्हणालं, कुणी रेडा,
मूनु,
आणि तो त्याच्या हातात होता.

तो हातांकडे बघत राहिला.
भाजलं नाही याची खात्री करावी तसा.
मग, मी 'शाब्बास' म्हणायच्या आत,
त्यानं तो माझ्याकडे फेकला,
जोरात, सरळ नाकावर,

आणि माझे डोळे मिटले.

उघडले तेव्हा चेंडू उताराला लागला होता.
खालून अंगणवाडीच्या ताई ओरडल्या,
हा निळा मोजा कुणाचा?
माझाच, म्हणेपर्यंत अख्खी तिसरी
माळावरून खाली सुटली होती,
सगळ्यांच्या पुढे सिद्धनाथ,
हात पुढे काढून.